माजी शिक्षिकेची चाळीस वर्षं : सावित्रीबाई, प्लेग आणि लालबागकडून जाणारी वाट

पीएच.डी.ची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की हमखास एक वाक्य ऐकू येतं. "विषय आवडलाय, पण साधनंच नाहीत." बाईच्या आयुष्यावर काम करायचं असेल तर हे वाक्य जरा जास्तच लवकर येतं. पुरुषांनी पत्रव्यवहार केला, भाषणं केली, खटले लढवले, मृत्युपत्रं केली. बायकांनी घर सांभाळलं. मग त्यांचा इतिहास लिहायचा कशावरून?

आज या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. त्याऐवजी एक उदाहरण घेऊन बसू या, आणि तेही अगदी घासून गुळगुळीत झालेलं. सावित्रीबाई फुले. तुम्ही म्हणाल, त्यांच्यावर काय कमी लिहिलंय? तोच तर मुद्दा आहे. खूप लिहिलं गेलेल्या माणसाबद्दलही आपल्याला नेमकं किती माहीत असतं, हे तपासून बघणं म्हणजे संशोधनाची पहिली तालीम.

माझं स्वतःचं काम गिरणगावातल्या प्लेगवर आहे. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा हा माझा टापू. सावित्रीबाईंचा आणि लालबागचा संबंध काय, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. तीन जानेवारीला इथल्या शाळांत, मंडळांच्या ऑफिसांत त्यांच्या तसबिरीला हार पडतो, तेवढाच संबंध मला ठाऊक होता. पण प्लेगच्या तारखा एका कागदावर मांडत गेलो तेव्हा त्यांचं नाव माझ्या वहीत आपोआप आलं. ते कसं, ते पुढे सांगतो.

आधी आयुष्याची वाटणी करा

पहिला नियम : ज्या माणसावर काम करायचंय त्याच्या आयुष्याची सरळ रेघ मारा आणि आपल्याला काय काय माहीत आहे ते त्या रेघेवर मांडा. मग मोकळी जागा कुठे राहते ते बघा.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारकडून फुले दाम्पत्याच्या शैक्षणिक कामाचा पुण्यात जाहीर गौरव. १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा कवितासंग्रह. आणि मग एकदम १० मार्च १८९७, प्लेगमध्ये मृत्यू.

बहुतेकांच्या डोक्यात एवढंच असतं. शाळेत जाताना अंगावर पडलेलं शेण आणि शेवटी पाठीवर घेतलेलं प्लेगचं पोर, या दोन चित्रांच्या मध्ये काही नाही.

आता हिशेब करा. शाळांच्या व्यवस्थापनातून जोतीराव १८५८ च्या सुमारास बाहेर पडले. मतभेद झाले, पैशाची ओढाताण होती, १८५७ नंतर वातावरणही बदललं होतं. म्हणजे ज्या शिक्षिकेला आपण ओळखतो तिचा शाळेतला काळ साधारण दहा वर्षांचा. त्यानंतर ती बाई जवळजवळ चाळीस वर्षं जगली. वयाच्या सत्ताविशीपासून सहासष्टीपर्यंत. भाषा जरा कोरडी वाटेल, पण आयुष्याचा मोठा भाग सावित्रीबाई 'माजी शिक्षिका' होत्या.

आणि आपण संशोधक म्हणून विचारायला हवं तो प्रश्न इथे सापडतो. पहिली शिक्षिका कोण, हा प्रश्न विचारून झालाय. शाळा हातातून गेल्यावर त्या शिक्षिकेने उरलेल्या चाळीस वर्षांचं काय केलं, हा तेवढा विचारला जात नाही.

साधनांची यादी, प्रत्येकाच्या पुढे शेरा

दुसरा नियम : साधनं 'आहेत' की 'नाहीत' असं म्हणू नका. कोणी, कधी, कोणासाठी लिहिलेलं साधन आहे, तशी यादी करा.

सावित्रीबाईंच्या बाबतीत ढोबळ पाच गट पडतात.

पहिला गट, त्यांचं स्वतःचं लेखन. १८५४ चा आणि नंतर जोतीरावांच्या मृत्यूनंतरचा 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' असे दोन कवितासंग्रह, आणि जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं. पत्रांच्या तारखा लक्षात ठेवा : १० ऑक्टोबर १८५६, २९ ऑगस्ट १८६८ आणि २० एप्रिल १८७७. पहिली दोन नायगावहून, तिसरं जुन्नर भागातल्या ओतूरहून. हे सगळं लेखन आज आपल्यापर्यंत येतं ते मुख्यतः डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयातून. म्हणजे आपण छापील प्रत वाचतो, हस्ताक्षर नाही. हा फरक प्रबंधात स्पष्ट नोंदवायचा असतो.

दुसरा गट, नवऱ्याचं लेखन. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सादर केलेलं निवेदन, १८८७ चं मृत्युपत्र. यात सावित्रीबाई दिसतात, पण कडेला उभ्या असलेल्या.

तिसरा गट, सरकारी आणि मिशनरी कागद. यात शाळा दिसतात, पटसंख्या दिसते, बक्षीस समारंभ दिसतो. माणूस कमी दिसतो.

चौथा गट, समकालीनांचं लेखन. मामा परमानंद यांनी जुलै १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांना लिहिलेलं पत्र या गटात येतं. जोतीराव अर्धांगवायूने अंथरुणावर होते, घरात चणचण होती, मदत मिळावी म्हणून हे पत्र लिहिलं गेलं. त्यात परमानंदांनी जोतीरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीची थोरवी जास्त आहे अशा अर्थाचं म्हटलंय. हे पत्र सावित्रीबाई जिवंत असताना, कुठल्याही जयंतीच्या निमित्ताशिवाय लिहिलेलं आहे. म्हणून त्याचं वजन जास्त. पण मदत मागणारं पत्र आहे, हेही विसरायचं नाही.

पाचवा गट, मागाहून सांगितलेल्या आठवणी. वसतिगृहात राहून गेलेली मुलं, घरी येणारे-जाणारे, त्यांची पुढची पिढी. शेण, चिखल, जास्तीचं लुगडं, या सगळ्या गोष्टी मुख्यतः इथून येतात. आठवण म्हणजे खोटं असं नाही. पण आठवणीवर सांगणाऱ्याच्या काळाची सावली असते, तेवढं ध्यानात ठेवून ती वापरायची.

आता बघा, साधनं 'नाहीत' असं राहिलं का? पाच प्रकारची आहेत. प्रत्येकात एक भोक आहे. ती एकमेकांवर ठेवली की एकाचं भोक दुसऱ्याने झाकलं जातं. सगळ्यांची भोकं एकाच जागी आली, तर तिथे गप्प बसायचं.

तीन पत्रं, एक सवय

त्या तीन पत्रांकडे जरा नीट बघू. ती तीन वेगवेगळ्या दशकांतली आहेत, आणि त्यांतली दोन शाळेचा काळ संपल्यानंतरची.

१८५६ च्या पत्रात त्या आजारपणातून उठण्यासाठी माहेरी आहेत. भाऊ त्यांना ऐकवतो की महार-मांगांना शिकवण्याचं हे काम कुळाला शोभत नाही. त्या भावाशी वाद घालतात, आणि तो वाद नवऱ्याला कळवतात. त्याच पत्रात पुण्यात काम ओढणाऱ्या फातिमाचा उल्लेख येतो.

१८६८ च्या पत्रात गावातला एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांची हकीगत आहे. मुलीला दिवस गेलेले. गाव दोघांची धिंड काढून जीव घ्यायला निघालेला. सावित्रीबाई मध्ये पडतात, सरकारी कायद्याची भीती घालतात आणि दोघांना वाचवतात.

१८७७ चं पत्र दुष्काळातलं. ओतूर भागात सत्यशोधक मंडळी अन्नछत्रं चालवतायत, लोक सावकारांवर चिडलेत, कार्यकर्त्यांना अटक झालीय, आणि सावित्रीबाई थेट कलेक्टरशी बोलतायत.

तिन्ही पत्रांत घटना वेगळ्या आहेत, पण एक गोष्ट तीच. जिथून बाकीचे मागे सरतात तिथे ही बाई पुढे जाते, आणि जाताना नुसती कळवळत नाही, युक्तिवाद करते. भावाशी, गावाशी, कलेक्टरशी. शाळा सुटली तरी समजावून सांगण्याची सवय सुटली नाही, असं मला या पत्रांवरून वाटतं.

मृत्यूचा अर्थ लावताना ही सवय आपल्याला उपयोगी पडणार आहे. मृत्यू हा आयुष्याचा शेवटचा पुरावा असतो. तो एकटा वाचला की चमत्कार वाटतो. आधीच्या चाळीस वर्षांशेजारी ठेवला की सवय दिसते.

श्रद्धाळू म्हणायचं का?

इथे एक अडचण येते, आणि आपल्याकडे ती बऱ्याचदा टाळली जाते. सावित्रीबाई देव मानत होत्या का?

काही जण त्यांना सरळ नास्तिक करून टाकतात. हल्ली कपाळावरच्या कुंकवावरूनही वाद घालणारे भेटतात. दोन्ही बाजू आपल्या आजच्या गरजा त्यांच्यावर लादतात. कागद काय सांगतात? २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला तो एक निर्मिक मानणारा होता. निर्मिक आणि माणूस यांच्या मध्ये भट नको, दलाल नको, हे त्याचं म्हणणं. देवाला नव्हे, दलालाला विरोध. जोतीरावांनी अखेरच्या आजारात, उजवा हात चालेनासा झाल्यावर डाव्या हाताने लिहून पुरं केलेलं पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म' हेही धर्माचंच पुस्तक आहे. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापून आलं.

म्हणजे या घरात श्रद्धा होती. पूजेची नव्हे, आचरणाची. मुलाचं लग्न पुरोहिताशिवाय लावणं हा तिचा विधी. आणि २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेल्यावर तर त्याची कठीण परीक्षाच झाली. दत्तक मुलाने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. १८९० साल आहे, हे ध्यानात घ्या. बाईने स्मशानात जायचं नाही ही आजही अनेक घरांत पाळली जाणारी रीत. लालबागच्या कुठल्याही चाळीत विचारून बघा.

पुढे १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या विधवा होत्या. समाजाचं काम नवऱ्याबरोबर संपलं नव्हतं.

तेव्हा 'श्रद्धाळू' हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरतो. फक्त त्याचा अर्थ त्यांच्या काळातून आणि त्यांच्या समाजातून घेतो. संशोधनात शब्द टाकून देण्यापेक्षा शब्दाचा त्या माणसापुरता अर्थ शोधणं जास्त मोलाचं असतं.

आई

फुले दाम्पत्याला मूल झालं नाही. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाही तर इथेच ठेवावं, अशी सोय. बाळंतपणं घरात होत होती आणि ती करणारी घरधनीण होती.

१८७४ मध्ये काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला इथे मुलगा झाला. तो या जोडप्याने दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. तो डॉक्टर झाला. ४ फेब्रुवारी १८८९ ला त्याचं लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झालं. ही सून १८९५ मध्ये वारली.

आता १८९७ च्या सुरुवातीचं घर डोळ्यांपुढे आणा. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. सून जाऊन दोन वर्षंही नाहीत. सासू सहासष्टीची. आणि एकुलता एक मुलगा, ज्याला जन्मदात्रीने भीतीपोटी सोडलं आणि या बाईने वाढवलं, तो डॉक्टर आहे. अशा घरासमोर प्लेग येऊन उभा राहतो. 'प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू' ही ओळ आपण पटकन वाचून पुढे जातो. एका आईने आपल्या एकुलत्या मुलाला त्या कामात बोलावलं आणि स्वतःही उतरली, असा त्याचा अर्थ होतो. हे वाक्य मला अजूनही सहज लिहिता येत नाही.

इथे लालबाग येतं

प्लेग पुण्याला मुंबईहून गेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो पहिल्यांदा ओळखला. योगायोग बघा, याच मांडवीतल्या कोळीवाड्यात आठ वर्षांपूर्वी, ११ मे १८८८ ला, मुंबईच्या कष्टकऱ्यांनी जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली होती.

मांडवीतून रोग भायखळा, परळ, लालबाग असा गिरण्यांच्या चाळींत आला. पालिका रोग्यांना घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात नेऊ लागली. आज आपण ज्याला कस्तुरबा हॉस्पिटल म्हणतो, ते. लालबागहून चालत पोहोचता येतं. तिथे गेलेला परत येत नाही, तिथे माणसं मारतात, अशा अफवा उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगारांनी या इस्पितळावर हल्ला केला.

हा हल्ला अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. रोगी बहुधा फार उशिरा, मरणाच्या दारात असताना नेला जाई. त्याच्या माणसांना जवळ राहता येत नसे. जातीपातीचं, बायकांच्या पडद्याचं भान ठेवलं जात नसे. लोकांना जे दिसलं त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला. माणसं शहर सोडून पळाली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातली जवळपास निम्मी गावाकडे गेली, असा तेव्हाचा अंदाज. बोटीने कोकणात, आगगाडीने घाटावर. गिरण्या चालू ठेवायला मालकांवर कामगारांना रोजच्या रोज पैसे मोजायची वेळ आली. आणि माणसांबरोबर रोगही लाइनीवरून पुढे सरकला.

मग यावर तोडगा निघाला तो वेगळाच. वेगवेगळ्या समाजांनी आपापली इस्पितळं उघडली. आपल्या माणसांत, आपल्या डोळ्यांदेखत उपचार होतायत म्हटल्यावर लोक येऊ लागले. मराठा समाजासाठी असं इस्पितळ उभं करण्यात पुढे होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे हे नाव गिरणगावात शिकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि त्यांच्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या झाल्या. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या लढ्यातून. सुपारीबाग आणि लालबाग यांच्यात अंतर ते किती! हे लोखंडे प्लेगच्या रुग्णांत काम करताना स्वतः प्लेगने गेले. तारीख ९ फेब्रुवारी १८९७.

माझ्या कागदावर ही तारीख लिहिली आणि तिच्या खाली, बरोबर एका महिन्याने आणि एका दिवसाने, १० मार्च आली. सावित्रीबाईंची.

तारखा एकाखाली एक

तिसरा नियम, आणि मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा : अर्थ लावायच्या आधी तारखा एकाखाली एक लिहा.

सप्टेंबर १८९६ : मांडवीत प्लेग.
२९ ऑक्टोबर १८९६ : आर्थर रोड इस्पितळावर हल्ला.
४ फेब्रुवारी १८९७ : साथरोगांचा कायदा मंजूर.
९ फेब्रुवारी १८९७ : लोखंडे यांचा मृत्यू.
१० मार्च १८९७ : सावित्रीबाईंचा मृत्यू.
मार्च १८९७ चा मध्य : पुण्यात रँडच्या कमिटीची, गोऱ्या सोल्जरांकरवी घराघरांत झडती सुरू.
२२ जून १८९७ : रँडवर गोळीबार.

पुण्याचा प्लेग म्हटला की आपल्याला रँड आठवतो. त्यामुळे सावित्रीबाईंचं शेवटचं कामही आपण नकळत रँडच्या जुलमाच्या चित्रात बसवतो. सोल्जर घरात घुसतायत आणि सावित्रीबाई रोग्यांना वाचवतायत, असं. भाषणात छान वाटतं. पण तारखा पाहा. घरोघरची झडती जोरात सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई गेलेल्या होत्या.

म्हणजे पुण्याबाहेर हडपसरजवळच्या ससाण्यांच्या माळावर यशवंतने उघडलेला दवाखाना हे रँडला दिलेलं उत्तर नव्हे. मग ते कशाला दिलेलं उत्तर होतं?

माझं अनुमान असं, आणि ते अनुमान म्हणूनच वाचा. सरकारी इस्पितळाची भीती रँडच्या आधीपासून होती. आर्थर रोडला ती ऑक्टोबरातच फुटली होती. मुंबईत लोखंड्यांसारख्या सत्यशोधकाने तिला उत्तर दिलं ते आपल्या माणसांचं इस्पितळ उभारून. पुणे-मुंबईच्या सत्यशोधकांचं एकमेकांकडे सतत येणं-जाणं होतं, आणि 'दीनबंधु' वाचला जात होता. ससाण्यांचा माळ त्याच जातीचा प्रयत्न दिसतो. माळ कोणाचा? यशवंतच्या सासरचा. डॉक्टर कोण? घरचाच. रोग्याला आणायला कोण येतं? सोल्जर नाही, पालिकेचा शिपाई नाही. एक म्हातारी बाई, जिला पुण्याच्या आसपासच्या गावांत, महारवाड्या-मांगवाड्यांत लोक चाळीस-पन्नास वर्षं ओळखतायत. नेऊन मारतील ही भीती तिच्याबद्दल कोणाला वाटणार?

असा विचार केला की तिचं जाणं नुसता त्याग राहत नाही. त्या दवाखान्याला लागणारी सगळ्यात दुर्मिळ गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास, आणि तो त्या बाईपाशी होता. म्हणून तीच गेली. दुसऱ्या कोणाला पाठवून ते काम झालं नसतं.

पाठीवरचं पोर

आता त्या प्रसिद्ध चित्राकडे येऊ. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाला, सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, मुलगा वाचला आणि त्यांना लागण झाली, असं सांगितलं जातं. ही आठवणीतून आलेली गोष्ट आहे, म्हणजे आपल्या पाचव्या गटातली.

एका व्याख्यानानंतर वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मला अडवलं होतं. "प्लेग पिसवांमुळे होतो. स्पर्शाने होत नाही. मग ही गोष्ट बनावट नाही का?" प्रश्न चांगला होता. उत्तर घाईने देण्यासारखं नव्हतं.

१८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे १८९७ मध्ये ठाऊक नव्हतं. पिसवांचा अंदाज १८९८ मध्ये सिमोंने मांडला, आणि त्यावर कोणी लगेच विश्वास ठेवला नाही. उंदीर आणि त्यांच्यावरची पिसू हे गणित पक्कं झालं ते १९०५ नंतरच्या प्रयोगांतून, आणि ते प्रयोग झाले आपल्या परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज हाफकिन म्हणतात. चाळींत गिनीपिग सोडून पिसवा गोळा केल्या गेल्या. म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूचं वैद्यकीय कारण नीट समजलं ते लालबागच्या शेजारी, त्या गेल्यावर दहाएक वर्षांनी.

मग गोष्ट बनावट ठरते का? नाही. रोग्याच्या कपड्यांतून, गोधडीतून पिसू येऊ शकते. रोग फुप्फुसात उतरला असेल तर श्वासानेही लागण होते. आणि रोग्यांनी भरलेल्या माळावर रोज वावरणाऱ्या बाईला तो एकाच मुलापासून झाला असं म्हणायची गरजही नाही. आठवण एक चित्र धरून ठेवते, कारण चित्र लक्षात राहतं. संशोधकाने चित्र फाडायचं नसतं, त्याच्या मागची रोजची मेहनत शोधायची असते. एक पोर पाठीवर घेणं हा प्रसंग झाला. रोज सकाळी उठून त्या माळावर परत जाणं हे काम झालं. 'स्पर्शाने रोग होतो' असं सगळे मानत असताना ते करणं, ही त्या कामाची किंमत. आपल्याला आज पिसू ठाऊक आहे म्हणून ती किंमत कमी होत नाही. त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून वाढते.

पुढे काही वर्षांनी यशवंतचाही अंत प्लेगनेच झाला. आईचं काम मुलाने सोडलं नव्हतं.

तुमच्या विषयासाठी

या सगळ्यात मी एकही नवा कागद शोधलेला नाही. जे छापून आहे तेच वापरलं. रेघ मारली, साधनांचे गट पाडले, तारखा एकाखाली एक लिहिल्या, आणि शेजारच्या शहरात त्याच महिन्यांत काय चाललं होतं ते पाहिलं. एवढ्यावर तसबिरीतली बाई थोडी हलली. शेणाच्या आणि पोराच्या चित्रांमधल्या चाळीस वर्षांत बाळंतपणं करणारी, दुष्काळात कलेक्टरशी बोलणारी, टिटवं धरणारी, परिषदेची अध्यक्ष झालेली, सून गमावलेली, मुलाला हाक मारणारी एक बाई दिसायला लागली.

तेव्हा 'साधनं नाहीत' म्हणण्याआधी एवढं करून बघा. तुमच्या आजीने गिरणीत वाइंडिंगला काम केलं असेल, नाही तर चाळीत खानावळ चालवली असेल. तिचं रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी, लग्नाचा फोटो, शेजारणीची आठवण, संपाच्या वर्षी विकलेल्या दागिन्याची पावती, यातलं प्रत्येक एकेक गट आहे. प्रत्येकाला भोक आहे. एकावर एक ठेवा.

आणि दहा मार्चला तसबिरीला हार घालायला गेलात तर एक दिवस आधीपासून सुरुवात करा. नऊ मार्च १८९७ ला ती बाई काय करत असेल? पुरावा नाही, म्हणून लिहायचं नाही. पण हा प्रश्न मनात ठेवून बसलात, तर उरलेले कागद तुम्ही वेगळ्या लक्षाने वाचाल.